अकरावी बंदूक

गुरुवारी दुपारी लिफ्टमध्ये, एका हातात पाच किलो कणकेची पिशवी आणि दुसऱ्या हातात किल्ल्या अशा अडचणीत उभा असताना हेमचंद्रचा मोबाइल वाजला. फोन खैरुद्दीनचा होता. खैरुद्दीन मूळचा श्रीवर्धनचा, आणि गेली वीस वर्षं आखातातल्या खोर फक्कानच्या बू राशिदच्या घरी ड्रायव्हर, बाजारहाट करणारा, दुभाषी आणि म्हाताऱ्याच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणारा असं सगळं मिळून एकच माणूस होता. "साहेब, उद्या सहाला तयार राहा," तो म्हणाला. "बाबा रेंजवर निघालेत. डोळ्याची पट्टी सुटली ना परवा, मोतीबिंदू काढल्यावर सगळं कसं लख्ख दिसतंय म्हणतात. पोरासारखे नाचतायत." हेमचंद्र हसला. "कुठली बंदूक घेतायत बरोबर? कॅनडावाली?" "नाय ओ. त्यांच्या बापाची. मरायच्या आधी एकदा ती वाजवायची म्हणतात. मुहंदिसने पास केलीय, मग भीती कसली, असं सगळ्यांना सांगत सुटलेत." लिफ्ट चौथ्या मजल्यावर येऊन थांबली, दार उघडलं आणि परत बंद झालं, आणि हेमचंद्र पिशवी घेऊन तसाच पुन्हा तळमजल्यावर आला.

मुहंदिस म्हणजे इंजिनियर. हेमचंद्र इंजिनियर नव्हता, डिप्लोमावाला तपासनीस होता, पण बू राशिदने पहिल्या दिवशी दिलेली पदवी त्याने कधी नाकारली नव्हती. फुजैराच्या बंदरापाशी तेलाच्या टाक्या बांधणाऱ्या एका कंपनीत तो वेल्डिंगचे सांधे तपासायचा. त्याच्या आधी तेरा वर्षं पुण्याजवळच्या एका सरकारी शस्त्र कारखान्यात त्याने मापाची गेज लावून बंदुकांचे सुटे भाग तपासले होते. जन्मभर त्याने काम केलं ते एकच, दुसऱ्याने बनवलेली वस्तू हातात घ्यायची, मापायची आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं. त्यातही रिजेक्ट म्हणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कारखान्यात कामगार त्याला येताना पाहिलं की ट्रेवर फडकं टाकायचे. एकदा युनियनचा पुढारी त्याच्या टेबलापाशी येऊन म्हणाला होता, "अहो, अर्ध्या केसाचा फरक आहे, सोडा की राव," आणि हेमचंद्रने मान वर न करता विचारलं होतं, कुठला अर्धा? ही गोष्ट तो लग्नानंतर संपदाला कौतुकाने सांगायचा. पहिली काही वर्षं संपदा हसायची. नंतर शारजात, रोल्लाच्या त्या दोन खोल्यांत, तिने केलेल्या भाजीत, तिने निवडलेल्या पडद्यांत, शुभ्राच्या प्रगतीपुस्तकात त्याला कुठे ना कुठे तो अर्धा केस सापडत राहिला. त्याला वाटायचं आपण मदत करतोय. एकदा शुभ्रा, असेल बारा-तेरा वर्षांची, चित्र दाखवायला आली आणि तो बघायच्या आधीच म्हणाली, "आय नो बाबा, द हॉर्स इज राँग." घोडा चुकलाच होता. मागचा पाय उलटा वाकत होता. त्याने तसं सांगितलंही.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये शुभ्राची दहावी झाली आणि दोघी पुण्याला गेल्या. आधी कारण अकरावीचं होतं, मग संपदाच्या आईच्या आजारपणाचं, मग संपदाला लागलेल्या नोकरीचं, आणि पुढे कारण द्यायचंही कुणी मनावर घेईनासं झालं. हेमचंद्रने त्याच महिन्यात रोल्लाचं घर सोडलं आणि कंपनीने दिलेल्या फुजैराच्या एका खोलीत आला. तिथले शुक्रवार त्याला पहिल्यांदा कळले. आठवड्याचे सहा दिवस माणूस कसाही काढतो. शुक्रवारी मात्र सकाळी जाग येते, दुकानं बंद, रस्ता रिकामा, एसीचा आवाज, आणि मशिदीतून खुतबा, म्हणजे जुम्म्याचं प्रवचन, सुरू होईपर्यंत आपण कुणाशीही एक शब्द बोललेलो नसतो. त्या चार महिन्यांत तो शुक्रवारी दोन-दोनदा आंघोळ करायचा. कपडे घालून समुद्राकडे जायचा, लांब उभी असलेली तेलाची जहाजं मोजायचा आणि परत यायचा. एकदा एकतीस होती.

मग ऑक्टोबरात कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पांढरा पायघोळ कंदुरा घातलेला एक उंच म्हातारा रुमालात गुंडाळून एक तुटका स्क्रू घेऊन आला. फोरमनने तो स्क्रू तिघांना दाखवला, तिघांनी काखा वर केल्या. असल्या आट्यांचा स्क्रू बाजारात मिळत नाही, नट लागत नाही, खलास. हेमचंद्रने तो तळहातावर घेतला आणि आट्यांवरून नख फिरवलं. थ्री-नॉट-थ्रीचा होता. जगातल्या कुठल्याच यंत्राला नसतात असले आटे त्या रायफलीच्या स्क्रूंना असतात, आणि त्याने ते तेरा वर्षं तपासले होते. त्याने तो स्वतः लेथवर कातून दिला. म्हाताऱ्याने स्क्रू उन्हात धरून पाहिला आणि मुंबईच्या गोदीत शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "मुहंदिस, जुम्मे को मेरे घर खाना खाओ."

बू राशिद तरुणपणी ब्रिटिशांच्या वेळच्या स्काउट्स पलटणीत हवालदार होता. जुन्या लष्करी बंदुका जमवायचा नाद त्याला तिथूनच लागला. खोर फक्कानच्या त्याच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या लांबलचक बैठकीत, भिंतीवर दहा बंदुका टांगलेल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्यांचं कूळ त्यालाही ठाऊक नव्हतं. जेवण झाल्यावर त्याने एकेक उतरवून हेमचंद्रच्या मांडीवर ठेवायला सुरुवात केली. मुलगे, पुतणे, शेजारी असे पंधरा-वीस जण लोडांना टेकून बघत होते. हेमचंद्र बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दट्ट्याच्या, दांड्याखालची पट्टी पुसायचा, शिक्का वाचायचा, बंदूक उजेडाकडे धरून नळीत डोकवायचा आणि सांगायचा. ही इंग्लंडची, एकोणीसशे सतराची, पहिल्या महायुद्धातली. ही ऑस्ट्रेलियाच्या लिथगोची. ही आमच्या ईशापूरची, बेचाळीस साल, हा बघा लाकडातून आडवा घातलेला जादा स्क्रू, तो फक्त आमचेच लोक घालतात. ही तुर्कांची माउझर, अरबी आकडे आहेत, हे तुम्हीच वाचा. खैरुद्दीन अरबीत सांगायचा आणि बैठकीत माना डोलायच्या, कुणीतरी वल्ला म्हणायचं, कुणी कॉफीचा इवलासा पेला पुढे करायचं. दहाच्या दहा अस्सल निघाल्या. उभ्या आयुष्यात कुणी त्याच्या तोंडाकडे इतकं आशेने पाहत बसलं नव्हतं. कारखान्यात लोक पाहायचे ते घाबरून.

मग बू राशिद स्वतः उठला, आतल्या खोलीत गेला आणि हिरव्या कापडात गुंडाळलेली अकरावी बंदूक दोन्ही हातांवर घेऊन आला. बसलेले सगळे जरा सावरून बसले. "ये मेरे बाप का," तो म्हणाला. "अच्छी ऊँटनी दिया था इस के लिए." "डोंगरातले लोक पाणी अडवायला आले तेव्हा त्यांचा बाप रात्रभर ही घेऊन बसला होता," हे पुढचं खैरुद्दीनने मराठीत सांगितलं. हेमचंद्रने पट्टी पुसली. मुकुट, त्याखाली व्हिक्टोरिया राणीची दोन अक्षरं, त्याखाली साल, एकोणीसशे सात. राणी एकोणीसशे एकच्या जानेवारीतच गेलेली. तिच्या पश्चात सहा वर्षांनी तिच्या नावाचा शिक्का कुठलाही सरकारी कारखाना मारत नाही. तो मारतात पेशावरच्या पलीकडच्या डोंगरातले कारागीर. जुनी बंदूक समोर ठेवून कानशीने घासून हुबेहूब दुसरी करणारे, रेल्वेच्या रुळाचं लोखंडही चालवणारे लोक. मुकुट त्यांना दागिन्यासारखा वाटतो, साल कुठलं घालायचं ते मनाला येईल तसं. त्याने एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहायची गरज नव्हती. मान वर केली तर बू राशिद त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता, दुधाळ होत चाललेल्या डोळ्यांनी बघत. आणि तेरा वर्षं कारखान्यात, अकरा वर्षं आखातात आणि वीस वर्षं संसारात ज्याने खोटा पीस पास केला नव्हता, तो हेमचंद्र म्हणाला, "अस्सल. लंडन की है, बाबा. पास."

का म्हणाला? पुढे त्याने स्वतःला हे पुष्कळदा विचारलं. भिडेपोटी म्हणालो, पाहुण्याने यजमानाच्या बापाला खोटं पाडायचं नसतं म्हणून म्हणालो, अशी बरीच उत्तरं त्याने तयार ठेवली होती. खरं उत्तर फार साधं होतं आणि त्याला ते चांगलं माहीत होतं. त्याला पुढच्या शुक्रवारीही यायचं होतं.

आणि तो आला. आठ वर्षं येत राहिला. खैरुद्दीन साडेनऊला गाडी घेऊन खाली हॉर्न द्यायचा, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या रस्त्याने पंचवीस मिनिटांत खोर फक्कान यायचं. हेमचंद्र मजलिसच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरून बसायचा, एकेक बंदूक खोलायचा, तेलाचा बोळा नळीतून ओढायचा. लाकडाला जवसाचं तेल तळहाताने चोळायचं, गरम होईपर्यंत चोळायचं, असं त्याला कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या सुताराने शिकवलं होतं. ते तो बू राशिदच्या नातवंडांना शिकवायचा. नमाज पढून माणसं परत यायची, मोठ्या परातीत भात आणि मासा यायचा, म्हातारा आपल्या हाताने माशाचा काटा काढून मऊ तुकडा त्याच्यापुढे सरकवायचा. एवढंच. जिव्हाळ्याचं बोलणं असं काही होत नसे, दोघांच्या मिळून हिंदीत तेवढे शब्दच नव्हते. पण आपण न आलो तर आपली जागा रिकामी दिसेल असं घर जगात एक आहे, हे त्याला आठवडाभर पुरायचं. महिन्या-दोन महिन्यांनी रेंजवर जायचं, धैदच्या पुढे पोलिसांची जुनी रेंज होती, तिथे बू राशिदला मान होता. तिथे हेमचंद्र स्वतः कधी बंदूक उडवत नसे. तो फक्त तपासायचा. कंपनीच्या लेथवर त्याने पोलादाच्या दोन चकत्या कातून घेतल्या होत्या. पहिली गो, दुसरी किंचित जाड, नो-गो. काडतुसाच्या जागी पहिली ठेवली की बोल्ट बंद व्हायलाच हवा, दुसरी ठेवली की बंद होता कामा नये. झाला, तर आतली जागा सैल, मग काडतूस मागे फुटणार आणि आग आणि पितळ उडवणाऱ्याच्या तोंडावर येणार. दहाही बंदुका त्याने अशा कितीदा पास केल्या होत्या. म्हातारा बोट वर करून विचारायचा, "पास?" आणि तो म्हणायचा, "पास."

अकरावी कधी रेंजवर गेली नाही. ती बापाची, ती हिरव्या कापडात. एकदा, सगळे मशिदीत गेलेले असताना, हेमचंद्रने ती काढून तिला नो-गो लावून पाहिली होती. बोल्ट लोण्यातून गेल्यासारखा बंद झाला. त्याने चकती खिशात टाकली, बंदूक पुसली, कापडाच्या घड्या होत्या तशाच घातल्या. वाजवणार नाहीत, असं त्याने स्वतःला समजावलं. शोभेची आहे. शोभेच्या वस्तूला कुणी गेज लावत नाही. पुढच्या वर्षी तर तिची मुख्य स्प्रिंग ढिली झालीय म्हणून त्याने नवी बसवून दिली, इतका तो आपल्याच थापेच्या आहारी गेला होता.

गुरुवारी संध्याकाळी त्याने पुण्याला फोन लावला. तो दर गुरुवारी लावायचा, पण एरवी आठला, आज सहालाच. "काय हो, बरं आहे ना?" संपदाने विचारलं. तो म्हणाला, "बरंय." सोसायटीत रंगकाम निघालं होतं, त्याबद्दल ती बोलत राहिली, गच्चीवरचा आणि जिन्यातला रंग जुळत नाही म्हणाली आणि स्वतःच हसली, "तुम्ही असता तर कंत्राटदार पळून गेला असता." शुभ्राने फोन घेतला. "हाय बाबा. ऑल गुड?" त्याला वाटलं, हिला विचारावं. माणसाला खरं सांगितलं की त्याचं प्रेम जातं का गं? पण असलं काही तो मुलीशी कधी बोलला नव्हता, आणि वीस-पंचवीस वर्षं अर्धा केस दाखवत आलेल्या माणसाने हे विचारावं म्हणजे कहरच झाला असता. "तुझं ऑफिस काय म्हणतंय?" त्याने विचारलं. "सेम ओल्ड," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तो ओट्यापाशी उभा राहिला. कणीक मळायला घेतली ती फार सैल झाली, पीठ घातलं तर फार घट्ट. भीती वाटत होती. म्हाताऱ्याच्या डोळ्यांची वाटत होती, नुकत्याच उघडलेल्या. आणि तिच्या खालोखाल, लाज वाटावी इतकी जवळ, दुसरी भीती होती आपल्या शुक्रवारांची. ह्या दोन भीत्या त्याने शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मोठी कुठली ते त्याला छातीठोकपणे सांगता येईना. ज्या अर्थी सांगता येत नाही त्या अर्थी आपण वाईट माणूस आहोत, असं त्याला वाटलं, आणि त्याने टेबलाच्या खणातून बारीक कानस काढून शर्टाच्या खिशात ठेवली. फायरिंग पिनचं, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या खिळ्याचं, टोक दोनदा घासलं की जाईल. बंदूक वाजणारच नाही. काडतूस मुकं निघेल, म्हातारा चरफडेल, आपण म्हणू, बघतो, दुरुस्त करतो. आणि मग कधीच करायची नाही.

सकाळी गाडीत बू राशिद पुढे बसला होता, अत्तराचा वास घमघमत होता. मागच्या सीटवर हेमचंद्र, आणि त्याच्या शेजारी आडवी, ब्लँकेटात, ती. मसाफीकडे चढणाऱ्या रस्त्यावर म्हातारा काचेबाहेर बोट करून एकेक गोष्ट वाचत होता. पाट्या, शेळ्या, डोंगरावरचं एकटं झाड. "शूफ, मुहंदिस! पत्ता पत्ता दिखता है." हेमचंद्र म्हणाला, "बाबा, इस का स्प्रिंग थोडा कमजोर लगता है. आज नको, दूसरी चलाते है." म्हातारा मान वळवून हसला. "कैसा कमजोर? तुमने खुद नया डाला. मुहंदिस का काम कभी कमजोर होता है?" खैरुद्दीनने आरशातून हेमचंद्रकडे पाहिलं. पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला.

धैदच्या पेट्रोल पंपावर दोघे उतरले, म्हातारा वजूसाठी हातपाय धुवायला आणि खैरुद्दीन पाण्याच्या बाटल्या आणायला. गाडीत हेमचंद्र आणि बंदूक, पाच मिनिटं. त्याने ब्लँकेट उलगडलं, बोल्ट बाहेर काढला, कानस हातात घेतली. पिनचं टोक त्याच्या अंगठ्याखाली होतं, गोल, गुळगुळीत. खोटी होती बंदूक, पण हा तुकडा कुणीतरी जीव ओतून घासला होता. कुठल्यातरी डोंगरात, मापाचं एकही साधन नसताना, नुसत्या बोटांनी चाचपत कुणी एवढं गोल आणलं असेल? त्याने कानस टेकवली. हात चालेना. चांगुलपणाने वगैरे थांबला असं नाही. त्याला आयुष्यात वस्तू बिघडवायची सवय नव्हती, एवढंच. पिन मोडली तर म्हातारा ती कुणा दुसऱ्याकडून करून आणील, आणि तेव्हा आपण समोर नसू, हेही त्याच्या डोक्यात आलं. खैरुद्दीन बाटल्या घेऊन दारापाशी कधी येऊन उभा राहिला ते कळलं नाही. त्याने कानस पाहिली. "साहेब," तो हळूच म्हणाला, "काय लोचा असेल तर आत्ता बोला. मला नका सांगू, त्यांना सांगा." हेमचंद्रने बोल्ट जागेवर बसवला. म्हातारा ओल्या हातांनी येताना दिसत होता.

रेंजवर वारा नव्हता. मातीचा लांब बंधारा, त्याच्यापुढे लाकडी चौकटीत पांढरे कागद, आणि सावलीसाठी पत्र्याचं छप्पर. ड्युटीवरच्या बलुची शिपायाने बू राशिदला सलाम ठोकला, टेबलावर वाळूच्या दोन पिशव्या ठेवल्या. म्हातारा खुर्चीवर बसला. हिरवं कापड त्याने आपल्या हाताने सोडलं, घडी घालून मांडीवर ठेवलं. बोट वर केलं. "पास?" त्याने विचारलं, नेहमीसारखं, उत्तर येणारच हे धरून, आणि उत्तर यायच्या आत खिशातून एक काडतूस काढून नळीमागे सरकवलं. हेमचंद्र दोन पावलांवर उभा होता. त्याच्या डोक्यात त्या क्षणी ना राणी होती ना शुक्रवार. म्हाताऱ्याचा गाल लाकडाला टेकत होता, आणि त्या गालावर, डोळ्याच्या अगदी खाली, पट्टीचा चिकटपणा निघावा म्हणून कुणीतरी खोबरेल लावलेलं चमकत होतं. "थांबा!" तो मराठीतच ओरडला. "रिजेक्ट आहे! रिजेक्ट!" आणि पुढे होऊन त्याने बोल्टच्या दांड्यावर हात दाबून धरला. शिपायाने शिवी घातली. रेंजवर असं कुणी दुसऱ्याच्या भरल्या बंदुकीला हात घालत नाही.

बू राशिदने सावकाश त्याचा हात बाजूला केला, बोल्ट उघडला, काडतूस काढून टेबलावर उभं ठेवलं. "बोलो," तो म्हणाला.

हेमचंद्र बोलला. खिशातल्या चकत्या काढून दाखवल्या, नो-गो आत ठेवून बोल्ट कसा बंद होतो ते दाखवलं. मग पट्टीवर बोट ठेवून शिक्का दाखवला, आणि खैरुद्दीन खालच्या आवाजात राणीचं साल अरबीत सांगत गेला. म्हाताऱ्याने नवा चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि बंदूक तोंडाजवळ नेऊन आकडे स्वतः वाचले. एक, नऊ, शून्य, सात. बोट प्रत्येक आकड्यावरून गेलं. "मेरे बाप को ठगा किसी ने," तो म्हणाला. रागाने नाही, काल घडल्यासारखं. "अच्छी ऊँटनी थी." मग हेमचंद्रच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मेरा आँख बचाया, मुहंदिस. अल्ला तुम को अच्छा रखे," आणि ते मनापासून होतं, हेमचंद्रला त्याच्या बोटांचा दाब जाणवला आणि सगळं छातीवरून उतरल्यासारखं होऊन रडू फुटायला आलं. झालं, त्याला वाटलं. एवढंच होतं तर. आठ वर्षं आपण उगाच जीव टांगणीला लावला.

"तुम ने कब देखा ये?" म्हाताऱ्याने विचारलं. सहजच. काल सापडलं का आज, एवढंच त्याला हवं होतं.

काल म्हटलं असतं तर चाललं असतं. काल म्हणायला खैरुद्दीननेसुद्धा डोळ्याने सुचवलं. पण मघापासून हेमचंद्रच्या अंगात जे एकदा सुटलं होतं ते थांबायला तयार नव्हतं. "पहिल्या दिवशी," तो म्हणाला. "पहला जुम्मा. जब आप ने मेरे हाथ में दिया."

खांद्यावरचा हात लगेच निघाला नाही. थोडा वेळ तसाच राहिला, मग निघाला. बू राशिदने हिरवं कापड उलगडलं आणि बंदूक गुंडाळली, फार काळजीने, आधीपेक्षाही काळजीने. "खलास," तो म्हणाला. "यल्ला. जुम्मा की नमाज को देर होगा."

गाडी परतीला लागली. मसाफीला फळांच्या टपऱ्यांपाशी खैरुद्दीन गाडी हळू करायचा, बू राशिद केळी घ्यायचा, हा आठ वर्षांचा शिरस्ता होता. आज गाडी हळू झाली आणि म्हाताऱ्याने दोन बोटांनी पुढे चल अशी खूण केली. म्हातारा रागावला असता तर हेमचंद्रला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. तो तर मधूनच वळून विचारत होता, एसी जास्ती तो नहीं? फुजैरात शिरल्यावर गाडी खोर फक्कानच्या रस्त्याला न लागता बंदराकडे वळली आणि हेमचंद्रच्या बिल्डिंगपाशी थांबली. "आज आराम करो," बू राशिद म्हणाला. "थका होगा." खैरुद्दीन उतरून दार उघडायला आला, तसं तो कधी करत नसे. "साहेब," तो पुटपुटला, "खोटी बंदूक म्हातारा गिळेल. वेळ द्या." पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. हेमचंद्र फूटपाथवर उतरला. पुढची काच खाली झाली.

"मुहंदिस." म्हातारा त्याच्याकडे न बघता समोर बघत होता. "वो बाकी दस. वो सब तुम बोला अस्सल."

"अस्सल है बाबा," हेमचंद्र घाईने म्हणाला. "दसों के दस. कसम से. एकेक माप लिया है, एकेक. उस में रत्तीभर खोट नहीं."

बू राशिदने मान हलवली. अतिशय अदबीने, घरी आलेल्या परक्या पाहुण्याशी बोलावं तसा म्हणाला, "इन्शाल्ला." आणि काच वर गेली.

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी हेमचंद्र तिथेच उभा होता. ऊन डोक्यावर आलं होतं, रस्त्यात चिटपाखरू नव्हतं, मशिदीतून खुतबा सुरू झाला होता. सतराची इंग्लंडची, तो म्हणाला. बेचाळीसची ईशापूरची, आडवा स्क्रू आहे. वीसची लिथगोची. त्रेचाळीसची कॅनडाची. तुर्कांची माउझर, आकडे अरबी, तुम्हीच वाचले होते. बेल्जियमची, नळीवर कारखान्याचा शिक्का, भिंगातून दाखवला होता मी. तो मोठ्याने बोलत होता आणि एकेक बोट दुमडत होता. दोन्ही हातांच्या मुठी बंद झाल्या तेव्हा दहाही झाल्या होत्या. मग वॉचमन त्याच्या केबिनमधून बाहेर येऊन किसको ढूंढता है साब असं विचारेपर्यंत त्याने पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली होती.